डोंगरधारेवरची पक्की वाट: सोबत सासूबाई, दोन मुलं आणि १० महिन्यांचं बाळ. आखणी तपासून द्याल का?

निवांतवाट:

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सकाळी एका डोंगरधारेवरची पक्की वाट चालायचा बेत आहे. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६७, गुडघे दुखतात, पण काठी घेऊन सपाटीवर तासभर आरामात चालतात), मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची आणि बाळ १० महिन्यांचं.

वाट दोन मीटर रुंद आहे. बहुतेक डांबरी, मधल्या काही टप्प्यांत दगडी फरशी. पायऱ्या कुठेच नाहीत. एका बाजूची लांबी ४.५ किमी. सुरुवातीच्या पाटीवर "उंचीतील फरक ७० मीटर" असं लिहिलंय, म्हणून जाऊन-येऊन ९ किमी जमेल असं वाटलं. नकाशावरून काढलेल्या उंच्या अशा: सुरुवात १०४० मी., ०.९ किमीवर एक टेकाड १०८५ मी., १.६ किमीवर खिंड १०६० मी., २.८ किमीवर माथा ११२० मी. (इथे बाकं आहेत), ३.७ किमीवर पुन्हा खोलगट भाग १०७५ मी., आणि शेवट १११० मी.

एकूण वेळ किती धरू? बाबागाडी न्यावी की बाळाला पाठीवर घ्यावं? आणि वाट पक्की असल्यामुळे आम्ही काही गृहीत धरतोय का, तेही सांगा.

समोच्चरेषा:

उंच्या दिल्यात हे फार चांगलं केलंत, नाहीतर सगळं अंदाजपंचे झालं असतं.

पाटीवरचे ७० मीटर म्हणजे फक्त शेवट वजा सुरुवात. धारेवरची वाट सारखी चढते-उतरते, त्यामुळे पायांना लागणारा हिशोब वेगळा असतो. फक्त चढ मोजा: सुरुवातीपासून टेकाडापर्यंत ४५, खिंडीतून माथ्यापर्यंत ६०, शेवटच्या टप्प्यात ३५. जातानाच १४० मीटर झाले. येताना जाण्यातले उतार चढ होतात, म्हणजे ४५ आणि २५, एकूण ७०. जाऊन-येऊन २१० मीटर चढ आणि तेवढाच उतार. पाटीवरच्या आकड्याच्या तिप्पट.

आता वेळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: ५ किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे तुमचे ९ किमी सव्वादोन तासांच्या आत होतील. पण तो धडधाकट माणसांचा, न थांबता चालण्याचा वेळ आहे. तुमच्या मंडळींसाठी मी ताशी २.५ किमी धरेन आणि दर १०० मीटर चढाला २० मिनिटं. मग चालण्याचेच ३ तास ३६ मिनिटं, चढाची ४२ मिनिटं, त्यावर थांबे आणि खाणं. साडेपाच तास सहज. चार वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे असताना हे जास्त आहे.

त्यापेक्षा माथ्यावरच्या बाकांपर्यंत जाऊन परत या. ५.६ किमी, चढ १३० मीटर (४५ + ६०, आणि परतताना खिंडीतून टेकाडावर २५), थांब्यांसकट साडेतीन तास. आणि तिथेच सगळ्यात उंच जागा आहे, म्हणजे दृश्याच्या बाबतीत काही गमावत नाही.

एक लक्षात ठेवा. जाऊन-येऊनच्या वाटेवर "अजून थोडं पुढे" हे प्रत्येक पाऊल दोनदा चालावं लागतं. लहान मुलं जातानाच्या उत्साहात दमलेली दिसत नाहीत, परतीच्या पहिल्या चढाला बसकण मारतात. म्हणून परत फिरायची वेळ घड्याळावर आधीच ठरवा, चेहरे बघून नको.

खिंडीतला वारा:

वरचा हिशोब पटला. मी हवेचं लिहितो, कारण पक्क्या धारेवर बेत फसतो तो बहुतेक वेळा हवेमुळे, चालण्यामुळे नाही.

पायथ्याच्या गावाचा अंदाज बघून निघू नका. उंची वाढते तसं तापमान दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. गाव ५०० मीटरवर असेल तर तुमच्या माथ्यावर साधारण चार अंश कमी मिळतील. त्यात वारा. १० अंश तापमान आणि ताशी ३० किमी वारा असेल तर उघड्या त्वचेला ते साडेसहा अंशांसारखं लागतं. तुमच्या वाटेवर सगळ्यात जास्त वारा माथ्यावर लागेल असं वाटतं, पण १.६ किमीची खिंड तितकीच वाईट असू शकते, कारण दोन उंचवट्यांच्या मधून हवा दाबली जाऊन वेगाने निघते. मुलांना जॅकेट खिंडीच्या आधी, टेकाडाच्या आडोशाला घाला. भर वाऱ्यात चार वर्षांच्या मुलीचे हात बाहीत घालणं हे काम सोपं नाही.

अंदाजात वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोताचा वेग असे दोन आकडे असतात. दुसरा बघा. झोत ताशी ४० किमीच्या वर दाखवत असतील तर बाबागाडी आणि लहान मुलं घेऊन धारेवर मी जाणार नाही, दुसरा रविवार निवडेन.

वाऱ्याने ऊन जाणवत नाही हा आणखी एक घोळ. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि धारेवर सावली नसते. कान, मानेची मागची बाजू आणि बाळाच्या पोटऱ्या हमखास राहतात. सनस्क्रीन निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी.

वीज. याबाबत कुठलीही सवलत घेऊ नका. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज १० किमीच्या आत आहे (आवाजाला एक किमी यायला साधारण ३ सेकंद लागतात). त्या क्षणी धार सोडायची. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत वर जायचं नाही. पक्क्या वाटेवर दोन गोष्टी फसवतात: लोखंडी कठडा आणि बाकांवरचं उघडं छप्पर. कठडा म्हणजे लांबच लांब धातू, वीज दूर कुठे पडली तरी त्यातून प्रवाह येऊ शकतो, त्यामुळे हात लावायचा नाही, टेकायचं नाही. उघड्या छपराखाली पावसापासून आडोसा मिळतो, विजेपासून नाही. बंद मोटार किंवा पक्की इमारत हीच सुरक्षित जागा. दुपारनंतर ढग चढतात अशा ऋतूत म्हणूनच सकाळी लवकर निघायचं.

चाकांवर:

बाबागाडी न्या, पण पाठीवरचं कॅरियरही गुंडाळून सोबत ठेवा. दगडी फरशीच्या टप्प्यात सांध्यांमुळे गाडी थडथडते, बाळ जागं होतं, रडतं. तेवढ्या भागापुरतं कॅरियर कामाला येतं. आणि चार वर्षांची मुलगी दमली की रिकामी गाडी तिला मिळते. ही अदलाबदल आधीच ठरवून ठेवा. मात्र गाडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा बघा; बऱ्याच गाड्या १५ किलोपर्यंतच असतात.

गाडी कुठली यावर बरंच अवलंबून आहे. छोटी गरगर फिरणारी पुढची चाकं उतारावर थरथरायला लागतात आणि गाडी वाकडी जाते. बहुतेक गाड्यांत पुढचं चाक सरळ अडकवायची कळ असते, ती धारेवर लावूनच ठेवा. हवेची चाकं असतील तर आदल्या दिवशी हवा भरा. ब्रेक तपासताना गाडी सपाटीवर नको, भरल्या वजनासकट उतारावर लावून बघा.

तुमच्या वाटेचा सरासरी चढ काढला: ९०० मीटरमध्ये ४५, पुढे १२०० मीटरमध्ये ६०, म्हणजे दोन्हीकडे ५ टक्के, १:२०. सरासरी सौम्य आहे, पण मधला एखादा तुकडा १० टक्क्यांचा निघू शकतो. बाळ-सामानासह गाडी २५ किलोची धरली तर ५ टक्क्यांच्या उतारावर ती सव्वा किलोच्या ओढीने खाली जायला बघते, १० टक्क्यांवर अडीच किलोच्या. ही ओढ एका हाताला सहज पेलते, आणि म्हणूनच लोक एका हाताने फोटो काढायला लागतात. हँडलला मनगटपट्टा असतो तो अडकवा. पाच सेकंदांसाठी थांबलात तरी ब्रेक लावा आणि गाडी उताराला आडवी करा. वर केलेली छत्री म्हणजे शीडच आहे, खिंडीत शिरताना ती खाली घ्या.

जड पिशवी हँडलला लटकवू नका. बाळ आत असेपर्यंत गाडी तोललेली राहते. बाळाला उचललं की क्षणात मागे उलटते. पाणी खालच्या जाळीत, शक्यतो दोन्ही चाकांच्या मधे.

ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून ती बंद करू नका. आतली हवा कोंडते आणि तापमान भराभर वाढतं. बाजूने हवा खेळेल अशी छत्री किंवा जाळी हवी. उलट कॅरियरमध्ये बाळ गार पडतं, कारण आपण चालून गरम होतो आणि ते नुसतं बसलेलं असतं. मानेच्या मागे हात लावून बघत राहा, हातापायांवरून अंदाज चुकतो. पोटऱ्या झाकणारे लांब मोजे घाला, कॅरियरमध्ये पँट वर सरकतेच.

आडव्या उताराकडेही लक्ष द्या. पाणी वाहून जावं म्हणून वाट एका बाजूला किंचित कललेली असते. दोन टक्क्यांपर्यंत कळत नाही, त्यापुढे गाडी सारखी दरीच्या बाजूला ओढली जाते आणि ढकलणाऱ्याचं मनगट भरून येतं. अशा भागात ढकलणाऱ्याने डोंगराच्या बाजूने चालावं आणि दर दहा मिनिटांनी हात बदलावेत. (कुणी व्हीलचेअर घेऊन जाणार असेल तर हाच आडवा कल सगळ्यात जास्त छळतो, चढापेक्षाही. आणि तीव्र उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे बसलेल्याचं तोंड चढाकडे ठेवून, हळूहळू खाली घ्यायची.)

निवांतवाट:

किती बारकाईने लिहिलंत! चढाचा हिशोब तर डोक्यातच आला नव्हता. एक सांगायचं राहिलं: दुसऱ्या टोकालाही गाडीरस्ता आहे. माझे दीर गाडी घेऊन तिथे येऊन थांबायला तयार आहेत. मग एकाच दिशेने ४.५ किमी चालावं का? उंच टोकापासून सुरू केलं तर चढ फक्त ७० मीटर राहील, बरोबर ना? सासूबाईंना तेच सोपं जाईल असं वाटतंय.

सांधे आणि स्नायू:

आकडा बरोबर आहे, पण गुडघ्यांसाठी निष्कर्ष उलटा. उंच टोकापासून निघालात तर चढ ७० आणि उतार १४०. खालच्या टोकापासून निघालात तर चढ १४०, उतार ७०. दम लागतो चढावर, गुडघे दुखतात उतारावर. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच वजन पेलून धरावं लागतं, तो थकला की सगळा भार वाटीमागे जातो. त्यात डांबर आणि दगड दोन्ही कडक. मातीच्या वाटेवर प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. पक्क्या वाटेवर तोच धक्का, त्याच कोनात, हजारो वेळा.

म्हणून सासूबाईंना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास नसेल तर खालच्या टोकापासूनच निघा. त्रास असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना "१४० मीटर चढ, तीन तास" असं नेमकं सांगून विचारा.

काठी एकच असेल तर जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. ट्रेकिंगच्या दोन काठ्या मिळाल्या तर फारच उत्तम. उंची अशी लावा की टोक जमिनीवर असताना कोपर काटकोनात राहील. लांब उतार असेल तिथे पाच ते दहा सेंटिमीटर वाढवा. पक्क्या वाटेवर लोखंडी टोकाला रबरी टोपण हवंच. नुसतं लोखंड दगडावर घसरतं, आणि ज्या क्षणी काठीवर भार दिलेला असतो नेमका त्याच क्षणी. टोपण झिजून आतलं लोखंड दिसायला लागलं असेल तर बदला.

उतारावर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. रुंद वाटेवर गर्दी नसेल तर नागमोडी उतरलं की उतार कमी होतो. आणि बसायच्या आधीच बसवा: दर २५–३० मिनिटांनी पाच मिनिटं, दुखो न दुखो. दुखल्यावर थांबलं तर पुढचा सगळा वेळ ते दुखणं सोबत चालतं.

बूट: घोट्यापर्यंतचे कडक तळाचे ट्रेकिंगचे बूट इथे नकोत. मऊ तळाचे, वापरून पायाला सरावलेले चालायचे बूट सगळ्यांना. पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं आपटतात.

समोच्चरेषा:

दुसऱ्या टोकाला गाडी असेल तर माझा आधीचा सल्ला मागे घेतो. खालून वर, एकाच दिशेने, हे सगळ्यात चांगलं. ५.६ ऐवजी ४.५ किमी आणि गुडघ्यांना १३० ऐवजी ७० मीटर उतार.

वेळापत्रक असं बसतं. ७:३० ला निघा. खिंडीत (१.६ किमी) साधारण ८:२५. बाकांवर (२.८ किमी) ९:१०. तिथे अर्धा तास खाणं. बाकांवर वारा असेल तर माथ्याच्या थोडं खाली, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसा. ९:४० ला उठलात की शेवटाला १०:४०.

निर्णयाची जागा खिंड. तिथे पोचायला ८:५० च्या पुढे झाले, किंवा सासूबाईंचा गुडघा तेव्हाच बोलायला लागला असेल, तर तिथूनच मागे. खिंडीतून मागे १.६ किमी आहे, पुढे २.९. एकदा माथा गाठला की पुढचं टोक जवळ पडतं (१.७ किमी), त्यामुळे नंतर परत फिरण्यात अर्थ नाही.

दिरांशी बोलून ठेवायची गोष्ट हीच. "पोचलो की फोन करतो" यावर विसंबू नका. धारेवर रेंज असली तरी फोन दोन-तीन टॉवरमध्ये हेलकावे खातो आणि बॅटरी उतरते. असं ठरवा: मागे फिरलो तर खिंडीतून निरोप; निरोप नाही आणि ११:४० पर्यंत कुणी दिसलंही नाही, तर दिरांनी गाडी सुरुवातीच्या टोकाला न्यायची. तुमची गाडी सुरुवातीलाच असेल तर तिची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. त्यांच्या गाडीत बाळासाठी चाइल्ड सीट हवं, तेही आदल्या दिवशी बसवून बघा. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या आणि तुम्ही असाल तिथला आपत्कालीन क्रमांक आधी बघून ठेवा.

पाणी: मोठ्यांना ताशी अर्धा लिटर धरलं तर तिघांचे साडेचार लिटर, मुलाला एक, मुलीला पाऊण. सव्वासहा लिटर, म्हणजे सव्वासहा किलो. जाळीत मावेल तेवढं गाडीत, बाकी दोन पाठपिशव्यांत. सगळं एकाच पिशवीत नको, कारण ती उचलणारा माणूस कधी पुढे गेलेला असतो तर कधी मागे राहिलेला.

पुढची वळणं:

मुलांबद्दल थोडं. मुलीचा हात धरायचे तुकडे आणि सोडायचे तुकडे आधी सांगून ठेवा: कठडा आहे तिथे मोकळी, कठडा नाही तिथे मोठ्यांचा हात, आणि तोही मोठ्यांनी दरीच्या बाजूला राहून. कठड्याच्या आडव्या पट्ट्या मुलांना शिडीसारख्या वापरता येतात, खालच्या फटीतून चार वर्षांचं मूल निसटू शकतं. कठडा दिसला की निर्धास्त होऊ नका.

आठ वर्षांच्या मुलाला पुढे पळायचं असतं. त्याला "दिसेनासा होऊ नको" सांगून उपयोग नाही, धारेवर वळण आलं की तो दिसेनासा होणारच. "पुढच्या बाकापाशी थांब" असं नेमकं ठिकाण द्या. गळ्यात शिट्टी द्या आणि ती कधी वाजवायची ते घरीच ठरवा.

खाणं थोडं थोडं, प्रत्येक थांब्याला. एकदाच पोटभर खाल्लं की मुलं लगेच चढ चढत नाहीत. सुती मोजे घामाने भिजून घासतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला आणि प्रत्येकाचा एक जास्तीचा जोड घ्या. टाचेला चुरचुर सुरू झाली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर नाही. बाळाचा डायपर बदलायला पातळ चटई आणि घाणीसाठी घट्ट बंद होणारी पिशवी. धारेवर कचरापेटी असेलच असं धरू नका.

निवांतवाट:

खालून वर, एकाच दिशेने, पक्कं. दिरांना ११:४० चं सांगून ठेवते. दोन शंका राहिल्या. त्या वाटेवर सायकलीही येतात, दोन मीटर रुंदीत सगळे मावतील ना? आणि शनिवारी रात्री पाऊस झाला, पण रविवारी सकाळी उघडलं, तर जावं का?

चाकांवर:

दोन मीटरमध्ये बाबागाडी आणि सायकल नीट जातात, पण तुम्ही शेजारी-शेजारी पसरून चालत नसाल तरच. एका बाजूला एका ओळीत: पुढे एक मोठा माणूस, मग मुलं, बाबागाडी, शेवटी सासूबाईंसोबत दुसरा. सायकलची घंटा ऐकू आली की मुलं नेमकी विरुद्ध दिशांना पळतात. म्हणून एकच सूचना शिकवा: "घंटा वाजली की आहे तिथे उभं राहायचं." वाट काढणं सायकलवाल्याचं काम. आणि बाबागाडी थांबवायची तर वळणाच्या पुढे, वळणावर नाही.

खिंडीतला वारा:

डांबरी भाग उघडल्यावर तासाभरात वाळतो, वारा असेल तर आधीच. अडचण दगडी फरशीची आहे. ज्या भागावर सकाळी ऊन पडत नाही तिथे शेवाळाचा पातळ हिरवट-काळा थर असतो. कोरडा असताना कळत नाही, ओला झाला की बूट कुठलाही असो, पाय सटकतो. ओल्या पानांचंही तसंच. नकाशात बघा, फरशीचे तुकडे धारेच्या कुठल्या अंगाला आहेत. ऊन लागणाऱ्या अंगाला असतील तर दोन तास उशिरा, साडेनऊला निघा, मात्र तेव्हा दुपारच्या ढगांचा अंदाज पुन्हा तपासा आणि दिरांची वेळही तेवढीच पुढे ढकला. सावलीच्या अंगाला असतील आणि त्यातही उतारावर, तर सासूबाईंच्या काठीवर भरवसा ठेवू नका, त्या दिवशी पहिल्या टेकाडापर्यंतचा डांबरी भागच करा. जाऊन-येऊन १.८ किमी, चढ ४५ मीटर.